आईचे वडील चिनी होते. शोध कुठून सुरू करू?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. दहा-बारा वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. तोही रात्री दीड वाजता, कारण दिवसा हिंमत झाली नसती.

माझ्या आईचे वडील चिनी होते. हे वाक्य मी आजवर चार-पाच जणांपलीकडे कुणाला सांगितलेलं नाही. माझं माहेरचं आडनाव मराठी, सासरचं मराठी, शाळा मराठी माध्यमाची, घरी दीड दिवसांचा गणपती. शाळेत डोळ्यांवरून मुली चिडवायच्या तेव्हा आई शिकवायची, "म्हणावं, आम्ही मालवणचे." ते खोटं नव्हतं. आजी मालवणजवळचीच.

घरात जेवढं बोललं जातं तेवढं सांगते. पणजोबा जहाजावर सुतार होते. १९१० च्या आगेमागे मुंबईला उतरले आणि माझगावच्या गोदीत कामाला लागले. पणजी माझगावचीच, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. जन्म मुंबईचा, १९२१ चा. तेही सुतारच. आजीशी लग्न, परळला दोन खोल्या, मग मामा आणि आई. पणजोबा १९३८ साली गेले, आजोबा १९९१ साली.

आणि मध्ये १९६२. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. नोव्हेंबर महिना, सकाळची वेळ. आजोबा बंबापुढे बसून ट्रंकेतली पत्रं एकेक करून आत घालत होते. पातळ कागद, उभ्या ओळी, काहींवर लाल शिक्के. आजी म्हणाली, एखादं तरी ठेवा. त्यांनी ठेवलं नाही. त्या पाण्याने दोन्ही मुलांच्या आंघोळी झाल्या आणि मुलं शाळेत गेली. भिंतीवर क्रुसाशेजारी लाल चेहऱ्याच्या, लांब दाढीच्या एका देवाची तसबीर होती, ती त्याच आठवड्यात गेली. पंधरा वर्षं ज्या वर्कशॉपमध्ये काम केलं तिथून त्यांना काढलं. पोलिसांकडे हजेरी सुरू झाली. त्यानंतर त्यांच्या तोंडून चिनी शब्द कुणी ऐकला नाही.

आता माझ्याजवळ आहे ते असं. गोदीचा एक जुना पास, त्यावर पणजोबांचं नाव इंग्रजीत, सुरुवात 'आ'ने. एक लाकडी वस्तू, होडीसारखी कोरलेली, एका टोकाला वाटी आणि दुसऱ्या टोकाला लहानसं चाक. आम्ही तिला 'होडी'च म्हणतो. तिच्या तळाला तीन अक्षरं कोरलेली आहेत. बाकी आठवणी. आजोबा संत्रं नेहमी एकाच पद्धतीने सोलायचे. साल तीन पाकळ्यांत उघडायची, पण पाकळ्या बुडाशी जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. आम्ही तुकडे केले तर नाराज व्हायचे. त्या साली दोऱ्यात ओवून खिडकीत वाळवायच्या आणि बरणीत भरून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. लाल चवळी साखरेत शिजवून तिची पातळ खीर करायचे, तिच्यात ही साल पडायची. आम्ही भावंडं त्यांना गुंगगुंग म्हणायचो. रंधा मारताना ते गुणगुणायचे म्हणून ते नाव पडलं, असं सगळे सांगतात. मामाची मुलं मात्र त्यांना येये म्हणायची. ते का, हे कुणालाच ठाऊक नाही.

मला कुठला कागद किंवा नागरिकत्व मिळवायचं नाही. आजोबांनी बंबात घातलं त्यातलं जे काही आज कळू शकेल, ते आईच्या हयातीत कळावं एवढंच आहे. कुठून सुरुवात करू?

केतकी
बंबाचा प्रसंग वाचून पुढचं वाचायला दोन मिनिटं थांबावं लागलं. मला यातलं काही माहीत नाही, पण वाचते आहे. लिहीत राहा.

गोदीवाला
ताई, मी गोदीत छत्तीस वर्षं नोकरी केली, डॉकयार्ड रोडला राहिलो. तुमची सुरुवात तिथूनच होते.

माझगावला नवाब टँक रोडवर चिनी देऊळ आहे, सी याप कून. १९१९ सालचं. बाहेरून घरासारखंच दिसतं, शेजारून जाणाऱ्याला कळणारही नाही. जिना चढून वर गेलं की सगळं लालच लाल, धूप आणि समोर क्वान ताई कोन. लाल चेहरा, लांब दाढी. तुमच्या आईला आठवणारी तसबीर ह्याच देवाची. मूळचा हा एक सेनापती, शब्दाला जागणारा, म्हणून दर्यावर्दी आणि व्यापारी लोकांचा लाडका. खालच्या मजल्यावर क्वान यिन देवी. पूर्वी बोटींवरून उतरलेले चिनी खलाशी ह्याच इमारतीत मुक्कामाला असायचे. सी याप म्हणजे 'चार तालुके', दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले. त्या चार तालुक्यांतल्या लोकांनी ते बांधलं. पणजोबा गोदीत सुतार होते म्हणता, तर ते ह्याच मंडळींतले असण्याची शक्यता फार.

दुसरं, अँटॉप हिलला चिनी लोकांची दफनभूमी आहे. पणजोबा १९३८ ला गेले ना? तिथे जाऊन बघा. चिनी थडग्यावर नुसतं नाव नसतं, माणसाचं मूळ गावही कोरतात.

आमच्या लहानपणी भायखळा, आग्रीपाड्याकडे चिनी दातवाले असायचे, दुकानाच्या काचेत कवळी मांडलेली असायची. ६२ नंतर त्यातली किती दुकानं एकदम बंद झाली! आम्ही पोरं होतो, कुणी विचारलंही नाही कुठे गेले म्हणून. आज तुमचं वाचून ते आठवलं आणि वाईट वाटलं.

हाँगकाँगस्थ
गेली सतरा वर्षं इथे आहे, बायको क्वांगतुंगची आहे, त्यामुळे घरात कँटोनीज रोज कानावर पडते. तुमची पोस्ट तिला वाक्यावाक्याने सांगितली. तिने मला संत्र्यापाशीच थांबवलं.

साल तीन पाकळ्यांत सोलून, बुडाशी जोडलेली ठेवून वाळवणं ही सन वुईची पद्धत. सन वुई हा गोदीवाला काकांनी सांगितलेल्या चार तालुक्यांपैकी एक. बाकीचे तीन थोइसान, होइ पिंग आणि यान पिंग. त्या वाळलेल्या सालीला चान पेइ म्हणतात. ती जितकी जुनी तितकी मोलाची, लोक लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवतात. लाल कडधान्याच्या गोड खिरीत ती घालतातच, माझ्या सासूबाई दर आठवड्याला करतात. तुमच्या आजोबांनी मुंबईत मिळेल ती चवळी आणि नागपुरी संत्रं घेतलं एवढाच फरक. ती बरणी अजून घरात असेल तर कृपा करून काही फेकू नका.

तुमची होडी म्हणजे मक् तौ, सुताराचं आखणीचं साधन. वाटीत शाईत भिजवलेला कापूस, चाकावर दोरा. दोरा शाईतून ओढून फळीवर ताणायचा आणि मधोमध उचलून सोडायचा, सरळ रेघ उमटते. आपले सुतार रंगात बुडवलेल्या दोरीने करतात तेच काम. सुतार ते स्वतःच्या हाताने कोरायचा आणि त्यावर नाव घालायचा. म्हणजे तळाची तीन अक्षरं हे नाव असणार, पहिलं अक्षर आडनाव. फोटो टाका.

पासवरच्या 'आ'ला फसू नका. ते आडनाव नाही आणि नावही नाही. आपण बाळ्या, पांड्या म्हणतो तशी हाक मारताना नावाआधी 'आ' लावतात, आणि कारकुनांनी तेच लिहून घेतलं. कोलकात्याजवळ अचिपूर आहे ना, भारतातली पहिली चिनी वसाहत? वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथे जमीन घेऊन साखर कारखाना काढणारा तो टाँग अच्यू. त्यातला 'अ' हाच, आणि गावाच्या नावात तो अजून आहे.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. गुंगगुंग हे गुणगुणण्यावरून पडलेलं नाव नाही. कँटोनीजमध्ये आईच्या वडिलांना गुंगगुंग म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना येये. त्यांची मुलगी म्हणजे तुमची आई, म्हणून तुम्ही गुंगगुंग म्हणालात. मामा त्यांचा मुलगा, म्हणून मामाची मुलं येये म्हणाली. अगदी काटेकोर बरोबर आहे.

तेव्हा १९६२ नंतर त्यांच्या तोंडून चिनी शब्द कुणी ऐकला नाही हे मला पटत नाही. दोन शब्द त्यांनी तुम्हा नातवंडांच्या तोंडी ठेवले होते.

गवतीचहा
काल हे आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही, हातातली पाकळी तशीच. मग म्हणाली, तुझा दादा बोलायला लागला तेव्हा बाबांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ह्याला मला गुंगगुंग म्हणायला शिकव. का ते सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही, कारण त्या घरात काही विचारायचं नाही हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.

बरणी आहे! आईने जपली आहे. तळाशी काळ्याभोर झालेल्या सात साली आहेत, नव्वद सालच्या. होडीच्या तळाचा फोटो टाकते आहे.

सातारकर
विषयाला धरून एक भर. महाबळेश्वरला जाणाऱ्यांना चायनामन धबधबा माहीत असेल. ते नाव उगाच पडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिंगापूर-पेनांगकडचे चिनी कैदी तिथे आणून ठेवले होते आणि त्यांच्याकडून भाजीपाल्याचे मळे करून घेतले होते. आमच्या डोंगरावर ती माणसं राबली, त्यांची नावं कुठेच नाहीत. तुमच्या पणजोबांचं निदान होडीवर आहे.

रोखठोक
मनापासून लिहितो, राग मानू नये. माझे सख्खे काका १९६२ ला नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) होते. परत आले नाहीत. तार आली तेव्हा माझे वडील सतरा वर्षांचे होते. आजीने अखेरपर्यंत घरात चिनी बनावटीची साधी बशी येऊ दिली नाही. तुमच्या आजोबांवर गुदरलं त्याचं वाईट वाटतं. पण तुम्ही मराठीत वाढलात, मराठीच आहात. हा दुसरा धागा आता हाती घेऊन काय साधायचं आहे, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

गवतीचहा
@रोखठोक, राग कशाला येईल. तुमच्या काकांना नमस्कार.

ज्या महिन्यात तुमच्याकडे तार आली त्याच महिन्यात आमच्याकडे बंब पेटला. माझ्या आजोबांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. त्यांना मराठी, कोकणी आणि गोदीतली हिंदी यायची, चिनी त्याखालोखाल. तुमच्या घरात काकांची तसबीर असेल, त्यांचं नाव घेतलं जात असेल. माझ्या आजोबांना स्वतःच्या वडिलांचं नाव उरलेल्या एकोणतीस वर्षांत एकदाही मोठ्याने घेता आलं नाही. मी मराठीच आहे आणि ते नाव मला मराठी तोंडानेच घ्यायचं आहे.

कायद्याचंबोला
थोडी माहिती देतो. १९६२ मध्ये परकीयांविषयीच्या कायद्याची व्याप्ती वाढवली गेली. शत्रुदेशाचे नागरिक तर आलेच, पण ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीही एक कधीकाळी त्या देशाचं नागरिक होतं, त्यांनाही ते निर्बंध लावता आले. आजोबांचा जन्म मुंबईचा असूनही हजेरी का, याचं उत्तर ते.

हे मुंबईतलं झालं. आसाममधल्या माकुम, तिनसुकियापासून शिलाँग, दार्जिलिंगपर्यंतच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना रेल्वेने राजस्थानात, टोंक जिल्ह्यातल्या देवली छावणीत नेऊन ठेवलं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळी. माकुमची कित्येक कुटुंबं तीन पिढ्या चहाच्या मळ्यांत राबलेली होती. युद्ध महिन्याभरात थांबलं, पण छावणीतले शेवटचे लोक सुटले ते १९६७ साली. कित्येकांना मद्रासहून जहाजांनी चीनला पाठवण्यात आलं, ज्या देशात त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. परत आलेल्यांची घरं-दुकानं शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेली होती. हीच देवली इंग्रजांनी आपल्या राजबंद्यांसाठी वापरली होती. जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे तिथेच होते. पाठ्यपुस्तकात आपण तेवढंच वाचतो.

टोरांटोतून
वरच्याला जोडून. इथे आमच्या भागात कोलकात्याहून आलेली हाक्का चिनी कुटुंबं बरीच आहेत. टांगऱ्यात चामड्याचे कारखाने होते त्यांचे. आमच्या शेजारच्या आजी देवलीत चार वर्षं होत्या. त्या माझ्याशी हिंदीत बोलतात, घरी हाक्का, आणि दिवाळीला माझ्याआधी त्यांच्या दारात पणती असते. त्यांना मी विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणवता? त्या म्हणाल्या, "मैं इंडिया की हूँ, इंडिया माने या न माने." छावणीत राहिलेल्या लोकांनी इथे संघटना काढली आहे. भारत सरकारने झालं ते कबूल करावं आणि माफी मागावी, अशी मागणी आहे. ताई, तुमच्या आईशी त्यांना बोलायला आवडेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रोखठोक
हो, तसबीर आहे. दर २० ऑक्टोबरला हार घालतो. माकुमचं मला माहीत नव्हतं. तुम्ही लिहा पुढे.

सोलापुरी
आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण निघणारच. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, डिसेंबर १९४२ मध्ये डॉक्टर गेले, वय अवघं ३२. यिनहुआही १९६७ साली, ऐन पंचविशीत गेला. बापाने दोन देश एका नावात जोडले आणि मुलगा वीस वर्षांचा असताना त्या दोन देशांत युद्ध झालं. कोटणीसांवर आपण पुष्कळ बोलतो, त्या पोराच्या मनात काय असेल याचा विचार मी तुमच्या धाग्यामुळे पहिल्यांदा केला.

केतकी
एक विचारू का? डीएनए चाचणीने काही कळेल?

हाँगकाँगस्थ
टक्के कळतील, गाव कळणार नाही. थडगं शोधा.

गवतीचहा
टक्क्यांचं मला तसंही काही करायचं नाही. हिशेबाने आजोबा अर्धे, मी आठवा हिस्सा. पण हजेरीला आजोबांना अख्खंच जावं लागलं होतं.

गवतीचहा
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मामाला तयार करायला वेळ लागला. तो आधी नाहीच म्हणत होता. ऐंशीच्या घरात आहे, आयुष्यभर मित्रांपासून हे लपवलं, आता कशाला? शेवटी आम्ही दोघीच गेलो, मी आणि आई. अँटॉप हिल.

देखरेख करणाऱ्या बाईंनी दार उघडून दिलं, झाडू दिला, पाण्याची बादली दिली. गवत गुडघाभर होतं. चिनी वाचता येत नाही म्हणजे काय हे मला तिथे कळलं, कारण आम्ही अक्षरं वाचत नव्हतो, चित्रं जुळवत होतो. होडीच्या तळाचा मोठा करून छापलेला फोटो आईच्या हातात, आणि एकेका दगडापुढे बसून आम्ही दोघी: पहिलं अक्षर जुळतंय, दुसरं नाही. हे दुसरं जुळतंय, पहिलं वेगळं. दोन तास झाले. ऊन वर आलं. मी म्हटलं, आई, पुढच्या रविवारी येऊ. ती म्हणाली, ती भिंतीकडची ओळ राहिली.

भिंतीकडच्या ओळीतच होता. तिरका झालेला, खालचा हातभर भाग मातीत. आईने पाणी ओतलं, पदराने पुसलं, आणि ओल्या दगडावर तीन अक्षरं अशी उठून आली की फोटो बघावाच लागला नाही. तिने दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी तुमच्या मुलाची मुलगी." मराठीत.

फोटो टाकते आहे. उजवीकडच्या ओळीत वरची दोन-तीन अक्षरं झिजली आहेत. मोबाइलने भाषांतर करून पाहिलं तर शिनिंग असं येतंय, पण शिनिंग हूनान प्रांतात आहे, समुद्रापासून कितीतरी आत. मग सी याप, संत्री, सगळंच चुकलं का?

हाँगकाँगस्थ
काही चुकलेलं नाही. बायको आणि मी दोघंही रात्री जागून वाचत होतो.

मधली मोठी ओळ नाव, होडीवरचंच. डावीकडे तारीख: चिनी प्रजासत्ताकाचं २७ वं वर्ष. त्यात १९११ मिळवा, १९३८. तुमच्या घरातलं साल बरोबर. उजवीकडे गाव. तालुका सन निंग. उत्तरेकडच्या बोलीत त्याचाच उच्चार शिनिंग होतो, म्हणून मोबाइल फसला. थोइसानचं जुनं नाव सन निंगच होतं. हूनानमध्येही त्याच नावाचा तालुका असल्याने घोटाळा व्हायचा, म्हणून १९१४ साली नाव बदललं. पणजोबा १९१० च्या सुमारास निघाले, त्यामुळे त्यांना नवं नाव आपलं वाटलंच नसणार. पालघर वेगळा होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिकडची म्हातारी माणसं पत्त्यात ठाणे जिल्हा लिहितात, तसंच. खाली गावाचं नाव स्पष्ट आहे. ते तुम्हाला व्यनित कळवलं आहे, इथे टाकायचं की नाही ते तुमच्या मामांना विचारून ठरवा. थोइसान आणि सन वुई एकमेकांना लागून आहेत, म्हणजे संत्रंही बरोबरच होतं.

आता पुढचं. गावात कुळाची वंशावळ असते, चोक् पोऊ. बरीचशी नंतरच्या धामधुमीत जाळली गेली, पण कित्येक लपवून ठेवलेली पुन्हा बाहेर आली आहेत. त्यात शोधताना दोन अडचणी येतील. त्या भागात पुरुषाला लग्नात वेगळं नाव मिळायचं आणि वंशावळीत तेच असू शकतं, म्हणून पणजोबांच्या वडिलांचं नाव मिळवायचा प्रयत्न करा. आणि मुली वंशावळीत लिहीत नसत. तुमच्या आईचं नाव आजोबांनी गावी कळवलं असतं तरी तिथे चढलं नसतं.

बंबात गेली ती पत्रं बहुधा 'चांदीपत्रं' असावीत. पैसे आणि पत्र एकाच लखोट्यात जायचं, म्हणून ते नाव. त्या पैशांवर त्या चार तालुक्यांत शाळा उभ्या राहिल्या, रेल्वे झाली, होइ पिंगचे दगडी-सिमेंटचे बुरूज झाले. २०१३ मध्ये युनेस्कोने अशा पत्रांची जागतिक स्मृतीत नोंद केली. तुमच्याकडे आलेली जळली. पण पणजोबांनी पाठवलेली दुसऱ्या टोकाला गेली होती. त्यातली काही अजून कुठेतरी असू शकतील.

यातूनच एक सांगणं भाग आहे, ताई, आणि ते आईला आधी तुम्ही सांगा. पैसे गावी कुणाला जात होते? त्या काळी मुलगा परदेशी निघायच्या आधी त्याचं लग्न लावून देत, तो परत यावा म्हणून. माझगावात संसार केलेल्या कितीतरी जणांचं गावाकडे एक घर होतंच. तुमच्या पणजोबांचं होतं असं मी म्हणत नाही. पण गावात विचारायला जाल तेव्हा समोरून कुणीतरी म्हणेल, आम्ही त्यांचेच. त्याची मनाची तयारी ठेवा.

गोदीवाला
आमच्या कोकणातही एक गावाकडे, एक मुंबईला असं कमी नव्हतं. सांभाळून सांगा आईंना.

गवतीचहा
५ एप्रिल. आज छिंग मिंग होता, पितरांचे दगड स्वच्छ करायचा दिवस. सकाळी सात वाजता मामा आमच्या दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत लाल ऑइल पेंटचा लहान डबा आणि दोन ब्रश. ह्या दिवशी अक्षरं पुन्हा रंगवतात हे त्याला माहीत होतं! सात-आठ वर्षांचा असताना आजोबांबरोबर गेला होता म्हणे, डबा धरायला. सत्तर वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला.

आईने पहाटे लाल चवळीची खीर केली. बरणीतल्या सातातली एक साल घातली. घरभर तो वास पसरला तेव्हा माझा दादा आतल्या खोलीतून उठून आला आणि काही न बोलता ओट्यापाशी उभा राहिला.

दगड सरळ केला. चहा ठेवला, खीर ठेवली. आईने सवयीने सुपारीही ठेवली. मामा मधली ओळ रंगवत होता. त्याचा हात थरथरत होता, पण आखलेल्या रेघेच्या बाहेर एकदाही गेला नाही. सुताराचा मुलगा आहे. मग त्याने नाव वाचलं, आम्ही फोनवर दहा वेळा ऐकून पाठ केलेलं, आडनाव आधी. मोठ्याने. मी आणि आईने त्याच्यामागून म्हटलं.

परतताना गाडीत मी दुसऱ्या घराचं सांगितलं. मला भीती होती, पणजीचा अपमान वाटेल, मामा चिडेल. मामा खिडकीबाहेर बघत राहिला. आई जरा वेळाने म्हणाली, "मग तिकडे मला आत्या असेल." मी म्हटलं, आई, असलीच तर आता हयात नसणार. तर म्हणे, "तिची मुलं असतील. मला आतेभावंडं नाहीत म्हणून मी लहानपणी किती रडले आहे."

@हाँगकाँगस्थ, आई विचारते आहे, आत्याला काय म्हणायचं?

हाँगकाँगस्थ
वडिलांहून थोरली असेल तर कू मा. पणजोबा निघण्याआधीची असेल तर थोरलीच. तिच्या मुलाला पिउ को आणि मुलीला पिउ चे, ती तुमच्या आईहून मोठी असतील असं धरून सांगतो आहे. बायको जूनमध्ये माहेरी जाणार आहे, तुमच्या गावापासून ते दोन तासांवर आहे. थडग्याचा रंगवलेला फोटो पाठवा, ती छापून घेऊन जाईल.

गवतीचहा
पाठवला. आईने तिन्ही शब्द वाण्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतले आहेत.